निकोल्सनचा पूल: टेबलावर मावत नाही अशी गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मसुदा. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

‘द ऑफिस’ पाहिली असेल तर स्क्रॅन्टन हे नाव तुम्हाला पाठ असणार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं तेच शहर, कागद विकणाऱ्या कंपनीचं. खऱ्या स्क्रॅन्टनची ओळख मात्र कोळसा आणि रेल्वे. तिथून उत्तरेला साधारण तीसेक किलोमीटरवर निकोल्सन नावाचं छोटंसं गाव आहे, आणि त्या गावाच्या डोक्यावरून एक अवाढव्य काँक्रीटचा कमानी पूल जातो. कागदोपत्री नाव टंकहॅनॉक क्रीक व्हायाडक्ट, गाववाल्यांसाठी नुसता निकोल्सन ब्रिज. न्यू जर्सीतले आपले लोक गाडी काढून नायगाऱ्याला जातात, तेव्हा बऱ्याच जणांचा रस्ता याच्या जवळून जातो. फक्त तिकडे वळत कुणी नाही.

हा पूल माझ्या डोक्यात शिरला तो मॉडेल रेल्वेमुळे. टेबलावर छोटे रूळ, छोटी इंजिनं, डोंगर, बोगदे असा जो लेआउट करतात, त्यात काँक्रीटचा कमानी पूल करायचा ठरवलं की हा पूल शोधात हमखास पुढे येतो. मग मी कॅल्क्युलेटर काढला.

मूळ पूल 2,375 फूट लांब, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर. ओढ्याच्या पात्रापासून उंची 240 फूट, म्हणजे 73 मीटर. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल 65 मीटर उंच आहे, त्याच्यापेक्षाही थोडा उंच. आता एचओ स्केल धरा, म्हणजे 1:87. मॉडेलची लांबी येते 8.3 मीटर. वन बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये तिरका ठेवला तरी भिंत फोडावी लागेल. एन स्केलमध्ये, म्हणजे 1:160 ला, साडेचार मीटर. तरीही एक अख्खी भिंत गेलीच.

एवढा मोठा पूल कोणी आणि कशाला बांधला?

कंपनीचं नाव डेलावेअर, लॅकावॉना अँड वेस्टर्न रेलरोड. धंदा अँथ्रासाइटचा, म्हणजे कमी धूर करणाऱ्या कडक दगडी कोळशाचा. कंपनीच्या जाहिरातीत फिबी स्नो नावाची एक काल्पनिक बाई असायची. ती पांढराशुभ्र ड्रेस घालून प्रवास करायची, का तर लॅकावॉनाची इंजिनं अँथ्रासाइटवर चालतात, त्यामुळे काजळी उडत नाही! शंभर वर्षांपूर्वीचं ब्रँडिंग, आणि जबरदस्त चाललेलं.

पण स्क्रॅन्टनच्या उत्तरेचा मार्ग वळणावळणांचा आणि चढाचा होता. जड मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागत. प्रत्येक जादा इंजिन म्हणजे जादा कोळसा, जादा माणसं आणि जादा वेळ. कंपनीचे अध्यक्ष विल्यम ट्रूसडेल यांनी ठरवलं, मार्गच नवीन काढायचा. क्लार्क्स समिट ते हॉलस्टेड असा जवळपास 40 मैलांचा नवा मार्ग आखला. अंतर वाचलं किती? 3.6 मैल. बस्स. तेवढ्यासाठी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि हा पूल बांधला. खरी बचत अंतरात नव्हती, चढ आणि वळणं कमी होण्यात होती. तेच इंजिन आता जास्त डबे ओढणार होतं. सोडून दिलेल्या जुन्या मार्गाची जागाही वाया गेली नाही, पुढे तिथून मोटारींचा रस्ता गेला.

पूल डिझाइन केला अब्राहम बर्टन कोहेन या इंजिनीअरने. पर्ड्यू विद्यापीठातून शिकलेला, आणि काम सुरू झालं तेव्हा वय तिशीच्या आसपास. म्हणजे आपल्यापैकी अनेक जण ज्या वयात स्प्रिंट प्लॅनिंगला बसतो, त्या वयात. मुख्य अभियंता होते जॉर्ज रे.

आता कमान का, ते बघू. काँक्रीटला दाबलेलं चालतं, ताणलेलं अजिबात चालत नाही. सरळ तुळईवर वजन टाकलं की तिची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे भरपूर सळई लागते. कमानीत वजन वळणावरून उतरत दोन्ही बाजूंच्या खांबांत जातं, आणि जवळजवळ सगळं साहित्य दाबाखाली राहतं. या पुलात काँक्रीट आहे 1,67,000 घनयार्ड, म्हणजे सुमारे 1 लाख 27 हजार घनमीटर. आपल्याकडे रस्त्यात आडवा येतो तो सहा घनमीटरचा मिक्सर ट्रक धरला, तर 21 हजार खेपा. आणि स्टील? फक्त 1,140 टन. भागाकार केला तर घनमीटरला जेमतेम आठ किलो. आजच्या बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये हाच आकडा साधारण 80 किलोच्या पुढेमागे असतो. दहापट फरक! तो केला कमानीच्या आकाराने.

पण कमानीची एक अडचण आहे. ती पूर्ण होईपर्यंत स्वतःला उचलू शकत नाही. तोपर्यंत खालून आधार हवा, कमानीच्याच आकाराचा. या आधाराला म्हणतात सेंटरिंग. ओळखीचा शब्द वाटला ना? आपल्याकडे स्लॅब टाकायच्या आधी फळ्या आणि टेकू लावणारी माणसं येतात, त्या कामालाही आपण सेंटरिंगच म्हणतो. सपाट स्लॅबला कसलं आलंय सेंटर? शब्द मुळात कमानीचा. कमानी गेल्या, शब्द राहिला.

निकोल्सनला स्टीलच्या सांगाड्यांचं सेंटरिंग केलं आणि तेच सांगाडे पुन्हा पुन्हा वापरले. दरीवरून जाड तारा ताणून त्यावरून साहित्य नेलं. खांबांसाठी खाली पक्का खडक लागेपर्यंत खोदलं. खडकापासून मोजली तर उंची 300 फुटांच्या घरात जाते. काम मे 1912 मध्ये सुरू झालं आणि 6 नोव्हेंबर 1915 ला पूल रीतसर खुला झाला. लेखक थिओडोर ड्रायझर त्या सुमारास मोटारीने तिथून गेला होता. 1916 च्या ‘अ हूझियर हॉलिडे’ या प्रवासवर्णनात त्याने पुलाबद्दल भारावून लिहिलंय.

आता परत टेबलाकडे. मॉडेलवाले अशा वेळी कमानींची संख्या कमी करतात. दहाच्या पाच किंवा तीन. उंची शक्यतो ठेवतात, लांबी कापतात, कारण डोळ्याला भव्यता उंचीतून कळते. गंमत म्हणजे मूळ पुलाच्या कमानी दिसतात दहा, प्रत्येकी 180 फुटांच्या. पण दोन्ही टोकांना 100 फुटांची एकेक कमान मातीच्या भरावात गाडलेली आहे. म्हणजे खऱ्या पुलानेही दोन कमानी लपवल्यात!

बनवायची पद्धतही मुळाला धरून आहे. एमडीएफचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा साचा कापायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जे चालतं, तेच. साच्याला आतून आडव्या रेघा दिल्या की प्लास्टरवर फळ्यांचे ठसे उमटतात, आणि पूल एकदम काँक्रीटचा दिसायला लागतो. मग राखाडी रंग आणि पाणी ओघळल्याचे काळपट डाग. डागांशिवाय काँक्रीट खरं वाटतच नाही.

एक गोष्ट मात्र मॉडेलमध्ये कधीच येत नाही, ती म्हणजे ताण. 1:87 ला वजन 87 च्या घनाने कमी होतं, म्हणजे साडेसहा लाख पटीने. पण ते पेलणारा छेद फक्त 87 च्या वर्गाने कमी होतो, म्हणजे साडेसात हजार पटीने. त्यामुळे स्वतःच्या वजनाचा ताण 87 पट कमी. खरं सांगायचं तर मॉडेलला कमानीची गरजच नाही, प्लायवूडची पट्टी टाकली तरी ट्रेन आरामात जाते. टेबलावरची कमान दिसण्यापुरती असते. निकोल्सनची कमान गेली शंभरहून जास्त वर्षं रोज काम करतेय.

तिची कंपनी मात्र टिकली नाही. घरं तेलावर आणि गॅसवर गरम व्हायला लागली, तसा अँथ्रासाइटचा धंदा बसला. माल ट्रककडे गेला. 1955 च्या डायान वादळात मार्गाचं मोठं नुकसान झालं. 1960 मध्ये लॅकावॉना एरी कंपनीत विलीन झाली आणि 1976 मध्ये ती जोडकंपनी सरकारने उभ्या केलेल्या कॉनरेलमध्ये गेली. प्रवासी गाड्या त्याआधीच, 1970 च्या सुरुवातीला, बंद झाल्या होत्या.

याच कंपनीने 1911 मध्ये न्यू जर्सीत असाच एक मार्ग खुला केला होता. त्यावर पॉलिन्सकिलचा सात कमानींचा काँक्रीट पूल आहे. 1984 मध्ये त्या मार्गावरचे रूळ उखडले. तंत्र तेच, मालक तेच, आणि तो पूल आज नुसता उभा आहे, अंगावर ग्राफिटी घेऊन. निकोल्सनवरून मात्र अजून मालगाड्या धावतात. 2015 पासून तो मार्ग नॉरफोक सदर्नकडे आहे.

म्हणून इंजिनीअर म्हणून मला हे दोन पूल शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. पूल वाचला की नाही, हे कोहेनच्या गणितावर ठरलं नाही. गणित दोन्हीकडे बरोबरच होतं. त्यावरून काही न्यायची कुणाला गरज उरली का, यावर ठरलं. मॉडेल करताना हाच प्रश्न मी आधी विचारतो: या पुलावरून कोणत्या साली, कोणती गाडी, काय घेऊन जातेय? 1916 असेल तर कोळसा आणि स्वच्छ काँक्रीट. आजचा असेल तर डिझेल इंजिन, कंटेनर आणि डाग. साल ठरवलं नाही तर तो नुसता शोपीस.

लहान रेल्वे चालताना कधी पाहिली नसेल, तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या. आणि अमेरिकेत असाल तर स्क्रॅन्टनमध्ये लॅकावॉनाच्या जुन्याच यार्डात स्टीमटाउन हे रेल्वेचं संग्रहालय आहे. ते बघा आणि मग थोडं उत्तरेला वळा. नायगारा कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या भागात!