सांध्यांना सूज आणणारे निरोपे : एका शोधाचा इतिहास



सकाळी उठल्यावर घरातील अम्मीची किंवा खालाची बोटे आखडलेली आपण पाहिली असतील. पीठ मळवत नाही, तांब्या उचलवत नाही. "वात आहे, वयाप्रमाणे व्हायचेच" असे म्हणून आपण तेल चोळतो व विषय सोडून देतो. परंतु ज्या दुखण्याला लोक आमवात म्हणतात आणि डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात, ते म्हातारपणाचे नव्हे. तिशी-चाळिशीतही ते गाठते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते.

हा रोग शहरातल्या लोकांचा, असेही कोणी समजू नये. आपल्या कर्जत तालुक्याच्या दक्षिणेला भीमा आहे आणि नदीपलीकडे पुणे जिल्ह्यातील भिगवण. तेथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांपैकी शेकडा अठरा जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आढळला तो दर दोनशे माणसांत सुमारे एकाला. म्हणजे मोठ्या गावात असे रोगी डझनांनी असणारच.

मग हा रोग होतो कसा? आपल्या शरीरातील पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपाने निरोप धाडतात. जखम झाली, जंतू शिरले की हे निरोपे धावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते आणि शरीराचे रक्षण होते. या रोगात मात्र शत्रू नसताना निरोप सुटतात आणि थांबत नाहीत. सांध्याचे अस्तर फुगते व शेवटी कूर्चा आणि हाड झिजते. इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या यकृतापर्यंत पोहोचतो. म्हणूनच रक्ततपासणीत सूज दिसते, थकवा येतो व अंगातले रक्त कमी होते.

१९८० नंतर असे अनेक निरोपे सापडले. एकाला अडविले तर दुसरे आहेतच, मग उपयोग काय, असे पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी हा प्रश्न सोडला नाही. मैनी यांचा जन्म १९३७ साली आपल्याच देशात, लुधियानात झाला. १९८९ साली त्यांच्या सहकारी फिओनुला ब्रेनन व इतरांनी रोग्यांच्या सांध्यातील पेशी काचपात्रात वाढविल्या आणि त्यांतील टीएनएफ हा एकच निरोप्या अडविला. तेव्हा इंटरल्युकिन-१ हा दुसराही घटला. टीएनएफ हा त्या साखळीतला मुकादम ठरला.

१९९२ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफला अडविणारे औषध प्रथम रोग्यांना देण्यात आले. १९९४ साली रीतसर कसोटीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांत खोट्या औषधावरील २४ पैकी दोघांना, तर मोठी मात्रा दिलेल्या २४ पैकी १९ जणांना ठळक आराम पडला होता. पुढे जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून इंटरल्युकिन-६ ला अडविणारे औषधही निघाले.

मात्र टीएनएफ हा निव्वळ वैरी नव्हे. क्षयाचे जंतू कोंडून ठेवण्यास तोच लागतो. म्हणून ही इंजेक्शने देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावीच लागते. ती महागही आहेत. पण सर्वांनाच त्यांची गरज पडत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुष्कळांचा रोग आटोक्यात राहतो. अट एकच, उपचार लवकर सुरू झाला पाहिजे. झिजलेले हाड कोणतेही औषध परत आणीत नाही.

तेव्हा पालकहो, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल आणि बोटांचे सांधे काही आठवडे सुजलेले राहत असतील, तर तेलावर दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. घरातील बाई स्वतःहून बोलणार नाही, तिला विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, "एकाला अडवून काय होणार?" असे जग म्हणत असताना ज्यांनी ते करून पाहिले, त्यांच्यामुळे आज अनेक घरांतले हात कामाचे राहिले आहेत, हे अभ्यास करताना ध्यानी ठेवा.