वास आला की आधी थांबायचं



चूल पेटवण्याआधी पूंजणी फिरवून बारीक जीव नाही ना, हे पाहायची आपल्या घरांतली जुनी रीत. आपण तिला जयणा म्हणतो. अग्नीला हात लावण्याआधी थांबायचं, पाहायचं. गॅसच्या अपघातात अग्निशमन दलाचे जवानही आधी हेच करतात. मात्र ही शिस्त जगाला माणसं गमावून शिकावी लागली.

नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेखाली गळालेला गॅस साठत गेला. कुणाला कळलंच नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वास मिसळण्याचे कायदे आले. आपल्याला नाक मुरडायला लावणारा तो वास त्या लेकरांच्या मरणातून आला आहे.

आपल्याकडे २२ मार्च २०१४ ला डहाणू तालुक्यात चारोटीजवळ महामार्गावर एलपीजीचा टँकर उलटून भडका उडाला, अनेकांचे प्राण गेले. तेव्हा आपला पालघर जिल्हा झालाही नव्हता. तो त्याच वर्षी १ ऑगस्टला झाला. तलासरीपासून मनोरपर्यंत या रस्त्यावर असे टँकर आजही रोज धावतात.

म्हणून जवान आधी विचारतात, गॅस कोणता? एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरून नाल्यात, खड्ड्यात साचतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो वर जाऊन छताखाली कोंडतो. टँकरच्या पाटीवर १०७५ असेल तर एलपीजी, १९७१ असेल तर सीएनजी.

मग वारा ज्या बाजूने येतो तिकडूनच जवळ जायचं, गाडी लांब ठेवायची, ठिणगी होऊ द्यायची नाही. हवेत नैसर्गिक गॅस साधारण ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून यंत्राने मोजूनच पुढे पाऊल टाकायचं. गळती पेटलेली असेल तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ज्योत विझवायची घाई करत नाहीत. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला, तर तो साठून स्फोट होतो. तोवर टाकीवर लांबून पाणी मारून ती थंड ठेवतात. टाकीच आगीत सापडली तर चारही बाजूंनी सुमारे दीड किलोमीटर माणसं हलवावी लागतात.

एवढं शिकूनही धोका उरतोच. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. त्यात चार जण गेले, त्यांतले तिघे विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते.

आपल्या घरात मात्र जवान पोचण्याआधी आपणच असतो. वास आला की बटण चालूही करू नका, बंदही करू नका. घरदेरासरचा दिवा विझवा, रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेर गेल्यावरच: सिलिंडरसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा आपत्कालीन नंबर आजच दाराजवळ लिहून ठेवा. आणि रस्त्यात टँकर उलटलेला दिसला तर घरच्या मुलांना व्हिडिओ काढायला थांबू देऊ नका. लांब जाणं हीसुद्धा जयणाच. आपला जीव वाचतो आणि आपल्याला काढायला येणाऱ्याचाही.