अवकाश विज्ञानाचे लोकसंवादक : एकनाथ चिटणीस

अवकाश कार्यक्रमाला शास्त्रज्ञ आणि अभियंते लागतात, तसाच त्या कार्यक्रमाचा अर्थ जनतेला समजावून सांगणारा माणूसही लागतो. अमेरिकेच्या 'नासा'ने या कामासाठी सुरुवातीपासून स्वतंत्र प्रवक्ते नेमले. 'मर्क्युरी' मोहिमांचे जॉन पॉवर्स आणि १६ जुलै १९६९ रोजी 'अपोलो-११'च्या उड्डाणाची उलटी गणती जगाला ऐकविणारे जॅक किंग ही त्यांतील ठळक नावे. हे काम जोखमीचेही होते. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात गेल्याची बातमी घेऊन एका वार्ताहराने पॉवर्स यांना भल्या पहाटे दूरध्वनीवर गाठले. 'आम्ही येथे सारे झोपलेलो आहोत', अशा आशयाचे त्यांचे त्रासिक उत्तर अमेरिकेच्या पीछेहाटीची कबुली म्हणून मथळ्यात झळकले.

भारतात हा लोकसंवाद निराळ्या वाटेने घडला. येथे प्रश्न पराक्रम वर्णन करण्याचा नव्हता. गरीब देशाने अवकाशावर खर्च का करावा, याचे उत्तर देण्याचा होता. ते उत्तर प्रत्यक्ष कामातून देणाऱ्यांमध्ये कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. एकनाथ वसंत चिटणीस अग्रभागी होते. प्रवक्ता हे पद त्यांनी कधी भूषविले नाही. परंतु अवकाश तंत्रज्ञान आणि सामान्य माणूस यांच्यातील दुवा होण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले.

चिटणीस यांचा जन्म २५ जुलै १९२५ रोजी झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. विक्रम साराभाई यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. त्यानंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काही वर्षे काम करून ते साराभाईंच्या बोलावण्यावरून मायदेशी परतले. १९६२ मध्ये भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. चुंबकीय विषुववृत्ताजवळ असलेल्या केरळमधील थुंबा येथील तळासाठी जागा शोधण्यात चिटणीस यांचा सहभाग होता. याच तळावरून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातील पहिला संशोधन अग्निबाण आकाशात झेपावला.

उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापाड्यांत शिक्षण पोहोचवावे, हे साराभाईंचे स्वप्न होते. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे हे स्वप्न 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपग्रहीय शैक्षणिक दूरदर्शन प्रयोगातून साकारले आणि त्याची धुरा चिटणीस यांच्याकडे आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरदर्शन कार्यक्रम दाखविण्यात आले. तीन मीटर व्यासाची, जाळीची साधी अँटेना आणि गावाच्या सामायिक जागेतील एक दूरदर्शन संच, एवढीच गावातली सामग्री. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी मिळून रोज चार तास प्रक्षेपण होई. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शिक्षण हे मुख्य विषय होते.

या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र कर्नाटकातील निवडलेल्या जिल्ह्यांत विजापूरचा समावेश होता आणि विजापूरची सीमा सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याला भिडलेली आहे. त्या दुष्काळी माणदेशी पट्ट्याच्या पलीकडे उपग्रहावरून कानडी कार्यक्रम उतरत होते. अलीकडच्या मराठी गावांना मात्र वाट पाहावी लागली.

'साइट'चे वेगळेपण केवळ तांत्रिक नव्हते. कार्यक्रमांचा परिणाम काय झाला हे जाणण्यासाठी समाजशास्त्रज्ञांची पथके नेमली गेली आणि काही मानववंशशास्त्रज्ञ तर गावांतच मुक्काम करून राहिले. प्रवक्त्याने बोलायचे आणि जनतेने ऐकायचे, या रूढ रीतीला हा मोठा छेद होता. अर्थात प्रयोगाला मर्यादाही होत्या. उपग्रह उसना होता. मुदत संपताच तो परत गेला आणि वर्षभर सवय झालेल्या असंख्य गावांतील पडदे पुन्हा रिकामे झाले. स्वतःचा उपग्रह का हवा, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणत्याही पत्रकातून देता आले नसते. १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' कार्यान्वित झाला आणि त्यानंतर दूरदर्शनचे जाळे देशभर झपाट्याने पसरले.

चिटणीस यांनी १९८१ ते १९८५ या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालकपद सांभाळले. गुजरातमधील खेडा संज्ञापन प्रकल्पाला १९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, तो याच कालखंडात. १९८५ मध्ये त्यांना 'पद्मभूषण' किताब देण्यात आला. निवृत्तीनंतरही संज्ञापन हा त्यांच्या आस्थेचा विषय राहिला. 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया' या वृत्तसंस्थेच्या संचालक मंडळावर ते दीर्घकाळ होते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाची शंभरी पार केल्यानंतर, पुण्यात त्यांचे निधन झाले.

'साइट' संपला त्याच १९७६ साली सातारा जिल्ह्यातील वाई येथून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. साधने वेगळी, पण ध्यास एकच : ज्ञान ज्याचे त्याला, त्याच्या भाषेत पोहोचले पाहिजे. आज उड्डाणांचे थेट प्रक्षेपण भ्रमणध्वनीवर दिसते. तरीही पडद्यावर दिसणाऱ्या झेपेचा आपल्या शेतीशी, शाळेशी आणि आरोग्याशी काय संबंध, हे सांगणाऱ्याची गरज संपलेली नाही.