48 तासांना 27 वर्षे का लागली?

बाबासाहेबांनी 14 तासांचा दिवस 8 तासांवर आणला, असे मेसेज 1 मे आला की आपल्या ग्रुपवर फिरतात. आम्ही म्हणतो, आकडे नीट सांगा. खरा इतिहास त्याहून मोठा आहे.

1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिलाच करार केला: दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. पण त्याच करारात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळे कलम होते, कलम 10. हिंदी कामगाराला 60 तास! (असे दुसरे माप आपल्या समाजाला काही नवे नव्हते.) 1922 च्या कायद्याने तेच 60 पक्के केले, 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत 54 वर आणले.

ही दरी बुजवली 1946 च्या दुरुस्तीने. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा बाबासाहेबांकडे होते. आठवडा 54 वरून 48 वर आला, दिवस 10 वरून 9 वर. थकलेला हात यंत्रात सापडतो, म्हणून कामाचे तास हा सुरक्षेचाच प्रश्न आहे. हंगामी कारखान्यांच्या वाट्याला मात्र 50 तास आले.

आणि आज? कामाच्या जागची सुरक्षा व आरोग्य यांवरचा 1981 चा करार क्रमांक 155, 2022 मध्ये मूलभूत ठरला, तेव्हाही भारताची त्याला मंजुरी नव्हती. उलट 2020 च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेली. म्हणजे 15 जण राबतात ती शेड आता कायद्याने ‘कारखाना’च नाही. त्या शेडमध्ये कोण राबते, हे आपल्या वस्त्यांना विचारा.