पूर्वमधुमेह : औषध केव्हा आवश्यक?
अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास ती अवस्था पूर्वमधुमेह मानली जाते. अशा प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार व व्यायामामुळे पूर्वमधुमेहींमधील मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनमुळे २६.४ टक्क्यांनी घटला. दोन्ही उपाय एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही. त्यामुळे जीवनशैलीतील बदल हाच पहिला उपचार ठरतो. मात्र तीव्र लठ्ठपणा, पूर्वी गर्भावस्थेत झालेला मधुमेह किंवा एचबीए१सीचे वाढते प्रमाण असल्यास डॉक्टर मेटफॉर्मिनचा विचार करतात. गोळी घेतली वा न घेतली, तरी वर्षातून किमान एकदा तपासणी आवश्यक असते.