लिलाव आणि ठरीव भाव

लिलाव हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आमचे तमिळ शेजारी त्यालाच 'एलम' म्हणतात आणि तोही त्याच दर्यावर्दी कुळातला मानतात. तिरुवैयारुच्या कावेरीकाठी हे दोन्ही शब्द आमच्या कानांवर लहानपणापासून पडत आले. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र आम्हांला आताशा सतावू लागला आहे. जुन्या तंजावुरी घरांच्या माळ्यांवर पडलेली मोडी दफ्तरे, सोनेरी वर्खाची चित्रे, पितळी समया आता घरबसल्या संगणकावरून विकता येतात. विकणाऱ्यापुढे दोन वाटा असतात : बोली पुकारावी, की एकच भाव सांगून मोकळे व्हावे?

लिलावाचे समर्थक म्हणतात की, वस्तूचे मोल आगाऊ कोणालाच कळत नाही. ते दहा गिऱ्हाइकांच्या चढाओढीतून बाहेर पडते. हे खरे, पण गिऱ्हाइके दहा असली तर! नागपूरकर भोसल्यांचे उदाहरण पाहावे. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील हत्ती, घोडे, उंट, बैल अशी पाच-सहाशे जनावरे लिलावात निघाली. शंभर रुपयांची बैलजोडी पाच रुपयांस गेली, अशी तक्रार राण्यांनी केली. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. तेथे पुकारा होता, हातोडाही होता; मालकाला 'नाही' म्हणण्याची मुभा तेवढी नव्हती. जेथे ती नाही, तेथील बोली मोल ठरवीत नाही, लुटीचा हिशेब मांडते.

तंजावरची कथा निराळी, पण धडा तोच. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी कंपनीने राजघराण्याची खाजगी जिनगीही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. परंतु ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तीत हात घालता येत नाही, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. १८६२ मध्ये जिनगी परत देण्याचा हुकूम निघाला तो मेहेरबानी म्हणून, हक्क म्हणून नव्हे.

मग ठरीव भाव न्यायाचा काय? आमच्या पंचक्रोशीतले भात पाहा. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाची केंद्रे सरकारी दराने भात घेतात. भिजलेल्या भाताला कोंब फुटतात, म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. अशा अडलेल्या माणसाला ठरीव भाव हाच आधार. मात्र ओलावा सतरा टक्क्यांवर गेला की माल अडतो, आणि भाव कागदावरच राहतो. उलट २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'इ-नाम' व्यवस्थेत दूरच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी, गावच्या दोघांच्या संगनमतावर शेतकरी विसंबू नये, हा हेतू आहे.

अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेला ई-बे हा बाजार लिलावावरच वाढला. पण २००० मध्ये त्यालाही 'लगेच विकत घ्या' ही ठरीव भावाची सोय जोडावी लागली. सारांश, एकासारखी एक असलेली वस्तू ठरीव भावाने विकावी. एकमेवाद्वितीय वस्तूसाठी लिलाव बरा, परंतु किमान किंमत आधी बांधून आणि जाणते गिऱ्हाईक असेल तरच.

आणि माळ्यावरची दफ्तरे? मोडी वाचणारे थोडे उरले. कागदाचा जुनेपणा पाहून बोली लावणारे पुष्कळ मिळतील. आत काय लिहिले आहे, याचे मोल त्या बोलीत नसेल. सरफोजीराजांनी वाढवलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये राजघराण्याकडून सरकारकडे आला, म्हणून आजही आपण त्यातली पाने उलटू शकतो. त्या पोथ्या एकेक करून हातोड्याखाली गेल्या असत्या, तर कदाचित चांगला भाव आला असता, पण आमच्या पूर्वजांचा आवाज शंभर घरांत विखुरला असता. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच : विकण्याआधी ते कागद एकदा वाचून घ्यावेत. भाव त्यानंतर ठरवावा, किंवा ठरवूच नये.