कारणाचा रकाना : 1893 ची गांजा-चौकशी

गांजा ओढल्याने माणसाला वेड लागते, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील सरकारी दफ्तरांत इतकी रूढ झाली होती की तिला पुरावा मागण्याचे प्रयोजनच कोणाला वाटेनासे झाले होते. आणि ज्या चौकशीने हा पुरावा प्रथम कसोशीने मागितला, ती घडवून आणली होती मादक द्रव्यांच्या कट्टर विरोधकांनी. 2 मार्च 1893 रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील एक अग्रणी विल्यम स्प्रोस्टन केन यांनी बंगाल प्रांतातील गांजाची लागवड, त्याचा व्यापार आणि लोकांच्या प्रकृतीवर व नीतीवर होणारे त्याचे परिणाम यांचा प्रश्न उपस्थित केला. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनी चौकशीस मान्यता दिली. आणि हिंदुस्थान सरकारने 3 जुलै 1893 च्या ठरावाने सात सभासदांचा आयोग नेमून चौकशीचे क्षेत्र बंगालपुरते न ठेवता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाइतके विस्तृत केले. गांजा किती घातक आहे, या आजही न मिटलेल्या वादात इतका परिश्रमपूर्वक गोळा केलेला पुरावा क्वचितच सापडेल, आणि तो आपल्या देशातला असूनही आपणच त्याच्याशी सर्वांत कमी परिचित आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्या वनस्पतीविषयी ही चौकशी झाली, ती या भूमीस नवी नव्हती. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे, आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत तिच्या औषधी गुणांची चर्चा आहे, आणि ‘विजया’ हे तिचे नाव अद्यापि वैद्यांच्या तोंडी आहे. परकीयांच्या लेखनातील तिचे एक फार जुने आणि बारकाईचे वर्णन गोव्यात झाले : गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला, त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. भांग घेतल्याने श्रमाचा शीण जाणवत नाही, चित्त प्रसन्न राहते आणि भूक लागते, असे आपल्या घरच्या नोकरांकडून ऐकलेले तो नोंदवतो. आणि गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मार्तिम आफोन्सो द सौझाला सांगितलेली हकीकतही देतो की, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण येथे फिरून यावेसे वाटले तर आपण थोडी भांग खातो, तेवढ्याने काम भागते. ओर्ताने या वनस्पतीची ना निंदा केली ना स्तुती. जे ऐकले ते कोणाकडून ऐकले याच्यासह लिहून ठेवले. पुढच्या तीन शतकांत या विषयावर लिहिणाऱ्या अनेकांना एवढाही संयम साधला नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो विसरल्यामुळे या वादातील अर्धा गोंधळ माजतो. भांग म्हणजे पाने, घोटून प्यायची किंवा खायची. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त तुरे, चिलमीत घालून ओढायचे. आणि चरस म्हणजे निव्वळ राळ, जी त्या काळी मुख्यतः यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात येत असे. तिघांचे सामर्थ्य निरनिराळे, तिघांचे ग्राहक निरनिराळे. गांजाच्या शेतातून नर झाडे वेचून काढावी लागतात, कारण तुऱ्यात बी धरले की माल हलका होतो. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथे, जेथे त्या प्रांताचा सारा गांजा पिकत असे, हे नर झाड ओळखण्यासाठी पोद्दार नावाचे जाणते लोक मोलाने बोलावले जात. मध्यप्रांतात हे पीक खांडव्याच्या बाजूस होई, आणि आपल्या मुंबई इलाख्यात मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्यात व साताऱ्याकडे. येथे कापलेले तुरे वाळवून, रचून, पायांनी तुडवून दाबीत असत. महसुलाच्या पद्धतीही प्रांतोप्रांती वेगळ्या होत्या. बंगालमध्ये मालाच्या वजनावर जकात आणि दुकानाच्या परवान्याचा लिलाव अशी दुहेरी आकारणी होती. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने ही द्रव्ये नियमांच्या कक्षेत आणली असली, तरी कारभाराचा भर मक्त्यावर होता, आणि मक्तेदाराला आपल्या रकमेच्या वसुलीपलीकडे रयतेच्या प्रकृतीची चिंता असण्याचे कारण नव्हते.

आयोगाचे अध्यक्षपद पंजाबचे वरिष्ठ अधिकारी मॅकवर्थ यंग यांजकडे होते. सभासदांत मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, मध्यप्रांतातून फ्रेझर, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन, आणि हिंदी सभासद म्हणून ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग अहलुवालिया व मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद हे होते. ऑगस्ट 1893 मध्ये कलकत्त्यास पहिली बैठक भरली, आणि नंतरच्या वर्षभरात आयोगाने 1,193 साक्षीदारांचे म्हणणे तोंडी वा लेखी नोंदवून घेतले, ज्यांत मुलकी अंमलदार, डॉक्टर, वैद्य-हकीम, मिशनरी, शेतकरी, व्यापारी असे सर्व थरांचे लोक होते. अहवाल आणि साक्षी मिळून सात खंड झाले, त्यांची पृष्ठसंख्या तीन हजारांहून अधिक भरते.

या साऱ्या ग्रंथसंभारात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग, आणि तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड येथे जशी ही इस्पितळे होती, तशी ती देशभर होती, आणि त्यांच्या वार्षिक अहवालांतील तक्त्यांत वेडाच्या कारणांपैकी गांजाचा क्रमांक नेहमी वर असे. डॉक्टरांना विचारले की गांजाने वेड लागते हे आपण कशावरून म्हणता, तर ते या तक्त्यांकडे बोट दाखवीत. आयोगाने मग स्वाभाविक असा पुढचा प्रश्न विचारला : तक्त्यात हे कारण आले कोठून? शोध घेता असे आढळले की, रस्त्यावर भटकणारा, असंबद्ध बोलणारा मनुष्य पोलिसांच्या हाती लागला, म्हणजे त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करताना त्याच्या वर्णनाचा एक छापील नमुना भरावा लागे, आणि त्यात वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. त्या मनुष्याचे गाव ठाऊक नाही, नातलग ठाऊक नाहीत, पूर्वायुष्य ठाऊक नाही. परंतु रकाना रिकामा ठेवला तर कागद वरून परत येणार. तेव्हा तो बैरागी दिसत असेल, किंवा त्याजजवळ चिलीम सापडली असेल, किंवा यांपैकी काहीच नसेल, तरी लिहिणारा कारकून ‘गांजा’ एवढे लिहून मोकळा होई. तोच शब्द इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, नोंदवहीतून वार्षिक तक्त्यात, तक्त्यातून प्रांतिक अहवालात, आणि अखेरीस वैद्यकशास्त्राच्या सिद्धान्ताचा वेष धारण करून पुढच्या डॉक्टरच्या मनात. आणि तो डॉक्टर पुढचा रोगी तपासताना अर्थातच गांजाच शोधी. बहुतेक इस्पितळांचे अधीक्षक मूळचे सिव्हिल सर्जन, इस्पितळाचा कारभार त्यांच्याकडे इतर कामांबरोबर आलेला. मानसिक रोगांचे विशेष शिक्षण त्यांना नव्हते. सरकारने 1871 सालीही याच प्रश्नावर प्रांतांकडून अभिप्राय मागवले होते आणि ते बहुतांशी गांजाविरुद्धच आले होते, पण त्या अभिप्रायांची बैठक तरी याहून निराळी कोठून असणार?

आयोगाने केवळ दोष दाखवून विषय सोडला नाही. 1892 या एका वर्षात देशातील इस्पितळांत दाखल झालेल्या 1,344 रोग्यांपैकी ज्या 222 जणांचे वेड या द्रव्यांमुळे लागले असे लिहिले होते, त्या प्रत्येकाची त्याच्या गावी, त्याच्या नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे नव्याने विचारपूस करविली. तपासाअंती 98 जणांच्या बाबतीत या द्रव्यांचा वेडाशी काही संबंध मानणे वाजवी ठरले, म्हणजे शंभरांत सुमारे सात. आणि त्यांतूनही ज्यांना दुसरी कारणे होती असे 37 जण वगळता, केवळ या द्रव्यांवर बोट ठेवता येईल असे 61 उरले. हीच दृष्टी त्यांनी गुन्ह्यांच्या बाबतीत ठेवली. गांजाच्या तारेत अमक्याने खून केला, असे साक्षीदार आठवून सांगत. आयोग त्या खटल्यांचे मूळ कागद मागवी. आणि बहुतेकांत तो संबंध टिकत नसे. एका शब्दाचा माग काढीत ठाण्यातील कारकुनाच्या टेबलापर्यंत जाणे आणि तेथून पुन्हा त्या रोग्याच्या घरापर्यंत जाणे, हे काम दिसायला रूक्ष आहे, पण माझ्या मते न्यायबुद्धीचा याहून सुंदर आविष्कार त्या शतकाच्या सरकारी कागदपत्रांत फार थोड्या ठिकाणी भेटेल.

निष्कर्ष सर्वज्ञात व्हायला हवा होता, पण झाला नाही. परिमित सेवनाने सामान्यतः शरीराची, मनाची वा नीतीची हानी होत नाही. अतिरेकाने होते, आणि दुबळ्या प्रकृतीच्या वा मनोरोगाकडे कल असलेल्या माणसाला ती लवकर होते. परंतु परिमित सेवन हा नियम असून अतिरेक हा अपवाद आहे, असे आयोगाने ठरविले. संपूर्ण बंदीची शिफारस त्यांनी केली नाही. हिमालयाच्या पायथ्याशी भांग रानोमाळ उगवते, तेथे बंदी पाळवून घेणे अशक्य. शिवभक्तांच्या व साधूंच्या आचारात तिला स्थान आहे. आणि ती बंद केली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील, ही त्यांची कारणे होती. परवान्याने लागवड, वजनावर कर, दुकानांच्या संख्येवर व जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा, हा त्यांनी सुचविलेला मार्ग. धार्मिक आचारांच्या बाबतीत मुंबईचे जेम्स कॅम्पबेल, ज्यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले, त्यांनी दिलेले टिपण आजही वाचनीय आहे.

येथे दोन आक्षेपांची दखल घेतलीच पाहिजे. पहिला असा की, ज्या सरकारला या द्रव्यांपासून महसूल मिळत होता, त्याच सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून बंदीची शिफारस येणार तरी कशी. हा आक्षेप निराधार नाही. करवाढीचा सल्ला देताना खजिन्याचे हित आणि रयतेचे हित एकाच दिशेस जाताना दिसले, याची आयोगाला सोय वाटली असणार. दुसरा आक्षेप खुद्द आयोगाच्या आतून आला. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. हानीविषयी बहुमताने जे मत बांधले, ते त्यांना फार सौम्य वाटले. राजेसाहेबांची जमीनदारी राजशाही जिल्ह्यातली, म्हणजे जेथे गांजा पिकत होता त्याच मुलखातली, हे लक्षात घेता त्यांचे म्हणणे केवळ सोवळेपणातून आले असे म्हणून बाजूस सारता येत नाही. शिवाय, काही साधने आयोगाजवळ नव्हतीच. गांजातील मुख्य मादक घटक 1964 साली इस्रायलमध्ये मेचुलम आणि गाओनी यांनी वेगळा काढला; तोवर कोणत्या मालात किती ताकद आहे, हे निश्चित मोजता येत नव्हते. एकाच पिढीतील माणसांची वर्षानुवर्षे माहिती ठेवण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. 1987 साली स्वीडनमधील 45,570 सैनिकभरतीच्या तरुणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी हा पदार्थ पन्नासांहून अधिक वेळा घेतला होता, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले. कारण आणि परिणाम यांचा नेमका क्रम अद्याप वादग्रस्त असला, तरी कोवळ्या वयात आणि वारंवार घेतलेला तीव्र माल निरुपद्रवी आहे असे आज कोणी जबाबदार मनुष्य म्हणणार नाही. आणि आयोगाचा अहवाल हाती धरून तसे म्हणणारे लोक आयोगाच्याच ‘अतिरेक’ या शब्दाकडे डोळेझाक करतात.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1925 च्या जिनीव्हा करारात इजिप्तच्या प्रतिनिधीच्या आग्रहाने हिंदी गांजाचा समावेश झाला. अमेरिकेने 1937 साली कराच्या नावाखाली त्यावर व्यवहारतः बंदी घातली. मुंबई राज्याने 1949 च्या दारूबंदी कायद्यात मद्याबरोबर या द्रव्यांनाही गोवले. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जेथे रूढीने सेवन चालते तेथे ते पंचवीस वर्षांत बंद करण्याचे बंधन आले. आणि ती मुदत संपत आली असताना 1985 साली भारताचा अंमली पदार्थविषयक कायदा झाला, ज्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले आणि तुऱ्याविरहित पाने व बी व्याख्येतून वगळली. इंग्लंडमध्ये 1968 साली वुटन समितीने आपला अहवाल लिहिताना आमच्या 1893-94 च्या आयोगाशी सहमती दर्शविली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. लंडनमध्ये जो अहवाल वाचला जात होता, तो दिल्लीत कायदा होताना कितपत उघडला गेला असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार देशात सुमारे 3 कोटी 10 लक्ष माणसे भांग, गांजा वा चरस यांपैकी काही ना काही घेतात. त्यांच्याविषयी कोणी पुन्हा असे सांगू लागले की इतके वेडे झाले, इतके गुन्हेगार झाले, किंवा याच्या उलट, कोणालाही काही झाले नाही, तर वाचकाने तो आकडा कोणी, कोणाला विचारून, कोणत्या रकान्यात लिहिला हे विचारावे. हे सात खंड आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांतील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा भाग तरी मराठीत यावा, आणि आमच्या वैद्यकीय व विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती पडावा, एवढी माझी विनंती आहे.